हिशेबाची वही कुणाच्या हातात?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे संपत आला होता, आंबा उतरून झाला होता आणि पाऊस लागायच्या आत घर गाठायची सगळ्यांनाच घाई होती. पावस गावी माहेरी जायचं म्हणून मी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उभी होते. शेजारच्या बाकावर एक नेपाळी जोडपं. पत्र्याची पेटी, दोन गोणपाटं, एक कुकर आणि आंब्याचा लाकडी खोका, बहुतेक शेठने दिलेला. तो फोनवर परत परत सांगत होता, "शेठ, हिशेब बरोबर नाय. एकदा बघा ना." पलीकडून फोन ठेवला. त्याने पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

मी इथल्या कोर्टात वकिली करते आणि नको तिथे नाक खुपसायची मला सवय आहे. विचारलं. आठ महिन्यांचं ठरलेलं काम, दोघांचे मिळून महिन्याला २२ हजार, राहायला बागेतली खोली. म्हणजे हंगामाचे १ लाख ७६ हजार. शेठच्या वहीत उचल लिहिली होती १ लाख १२ हजार. तेवढी वजा करून ६४ हजार हातावर टेकवले आणि रिक्षा बोलावून दिली. नवरा शपथेवर सांगत होता, एवढी उचल घेतलेलीच नाही. पण त्याच्याकडे होतं काय? नुसतं बोलणं. वही शेठची, अक्षर शेठचं, बेरीज शेठची.

"तुम्ही काही लिहून ठेवलंय का?" तो नाही म्हणाला. त्याची बायको मात्र काही न बोलता वाकली, पेटीचं कुलूप काढलं आणि कपड्यांच्या तळातून शाळेतली असते तसली एक वही काढून माझ्या हातात दिली.

त्या वहीकडे मी शेवटी येईन. ती एवढी मोलाची का ठरली, हे कळायला आधी कायदा थोडा उलगडावा लागेल. बाहेरगावच्या मजुराला न्याय मिळत नाही तो कायदा नाही म्हणून, असं मला वाटत नाही. कायदे भरपूर आहेत. नडतात त्या दोन साध्या गोष्टी. हिशेबाचा कागद दुसऱ्याच्या हातात असतो, आणि भांडायची वेळ येते तेव्हा मजूर गाडीत बसलेला असतो.

आलेले आणि गेलेले

आपल्या किनाऱ्यावर बाहेरचा माणूस कुठे नाही ते सांगा. पाऊस ओसरला की रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या कलमांच्या बागांत नेपाळी राखणदार येतात. प्रत्येकाला आईबापांनी ठेवलेलं नाव असतं, पण बागेत सगळेच 'गुरखा'. फवारणी, गवत काढणं, रात्रीची राखण, मग झेल्याने, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीने, आंबा उतरवणं, सगळं तेच करतात. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे या बंदरांत बोटींवर खलाशी म्हणून पुन्हा नेपाळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तेही घरी. जांभ्या चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातली कुटुंबं, हायवेवर आणि इमारतींवर बिहार, झारखंड, ओडिशाची पोरं.

आणि उलटा प्रवाहही आहेच. रायगडातल्या कर्जत, सुधागड, पेणच्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली असतात, लहान पोरांसकट. राहिलो आपण. ज्या घरातून पूर्वी कुणीच गिरणीत गेलं नाही, असं कोकणातलं घर शोधावं लागेल. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर वाढलेले आपण 'हे बाहेरचे' म्हणतो, तेव्हा मला जरा गंमत वाटते.

परदेशी माणसाला आपला कायदा लागतो?

हा प्रश्न मला बागायतदारही विचारतात आणि नेपाळीही. लागतो. संविधानात काही हक्क फक्त नागरिकांचे आहेत, उदाहरणार्थ कलम १९ मधली स्वातंत्र्यं. पण कलम १४ (कायद्यापुढे समानता), कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि कलम २३ (वेठबिगारीला बंदी) यांत 'नागरिक' हा शब्दच नाही. माणूस या भूमीवर आहे, एवढं पुरतं. शिवाय १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांकडे राहायची, फिरायची, धंदा करायची मुभा दिलेली आहे. त्यामुळे 'तुझ्याकडे पासपोर्ट नाही, पोलिसांत देईन' ही धमकी पोकळ आहे. इथे काम करायला नेपाळी माणसाला व्हिसा लागत नाही.

'आधार दे, नाहीतर नागरिकता (नेपाळचं नागरिकत्वाचं ओळखपत्र) दे' म्हणून मूळ कार्ड कपाटात ठेवून घ्यायची एक पद्धत आहे. झेरॉक्स घ्या, हरकत नाही. पण माणूस मधेच सोडून जाऊ नये म्हणून मूळ कागद अडकवून ठेवलात, तर तुम्ही नकळत वेठबिगारीच्या हद्दीत पाय टाकता. त्याबद्दल पुढे.

चार संहिता, आणि त्यातली कामाची दोन-तीन वाक्यं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांचे २९ जुने केंद्रीय कायदे चार संहितांत आले: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि व्यावसायिक सुरक्षितता-आरोग्य-कामाची स्थिती. या संहितांवर कामगार संघटनांचे मोठे आक्षेप आहेत, आणि त्यातले बरेचसे मला पटतात. पण हंगामी मजुराच्या वहीपुरतं बघितलं, तर वेतन संहितेत काही वाक्यं फार उपयोगाची आहेत.

पहिलं. पूर्वी किमान वेतन फक्त सरकारने यादीत घातलेल्या कामांना लागू असे. आता एकही माणूस कामाला ठेवणारा मालक या संहितेत येतो. बाग, बोट, खाण, हॉटेल, सगळं.

दुसरं, पगाराची तारीख. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. आपल्याकडची 'हंगाम संपला की बघू' ही रीत कितीही जुनी असली तरी कायद्यात बसत नाही. उचल कापून घेता येते, पण एका वेळच्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत.

तिसरं वाक्य कलम ५९ मधलं. माझ्या मते हंगामी मजुरासाठी सगळ्या संहितांत त्याच्याएवढं महत्त्वाचं दुसरं वाक्य नाही. पगार दिला नाही किंवा कमी दिला अशी तक्रार आली, तर तो *दिला होता* हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. जरा थांबून याचा अर्थ बघू. एरवी कोर्टात जो मागतो त्याने पुरावा द्यायचा असतो. माझे पैसे तुमच्याकडे आहेत असं मी म्हटलं, तर दाखवायचं मी. इथे कायद्याने ते उलटं केलं, कारण वही कुणाकडे असते हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मजुराने एवढंच दाखवायचं की मी तिथे कामाला होतो. पैसे दिल्याचा कागद मालकाने आणायचा, आणि शेठने स्वतःच्या हाताने स्वतःच्या वहीत लिहिलेला आकडा, ज्यावर घेणाऱ्याची सही नाही की अंगठा नाही, तो फार लंगडा कागद आहे.

बागायतदार इथे म्हणतील, आम्ही छोटी माणसं, रजिस्टरं कुठली ठेवणार? खरं आहे. शेतीच्या कामाला पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्याला रजिस्टर आणि पगारपत्रकाच्या नियमातून सूट आहे. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की निरीक्षकाने विचारलं तर पगार दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा लागेल. रजिस्टर नको, पुरावा हवाच. बँकेत किंवा फोनवरून पैसे टाकले की प्रश्नच मिटतो. माझ्या बाबांच्या बागेतही वर्षानुवर्षं वही एकच होती आणि ती त्यांच्या उशाशी असायची, हे कबूल करते. मी वकील झाल्यावर आमचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं. आता दोन वह्या असतात, आणि दर महिन्याला दोन्हींत दोघांच्या सह्या.

चौथी गोष्ट मुदत. जुन्या किमान वेतन कायद्यात अर्ज सहा महिन्यांत करावा लागे. मेमध्ये गावी गेलेला माणूस ऑक्टोबरअखेर परत येतो, म्हणजे मुदत जवळजवळ सरलेली. आता ती तीन वर्षं आहे. अर्ज स्वतः करता येतो, सभासद असाल तर नोंदणीकृत संघटनेमार्फत करता येतो, किंवा कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो. राहिलेल्या पैशांवर दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार हा अर्ज ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. दहापट कुणाला मिळालेली मी पाहिलेली नाही, पण तडजोडीला बसताना हा आकडा टेबलावर असला की आवाज खाली येतात.

राहिली 'जोडी'. बागेत आणि भट्टीवर नवरा-बायकोचा पगार एकत्र ठरतो आणि एकट्या नवऱ्याच्या हातात पडतो. कायद्याला 'जोडी' नावाचा कामगार माहीत नाही. दोन माणसं, दोन वेतनं, आणि बाई म्हणून कमी द्यायला मनाई. दोघांना मिळून दिलेली रक्कम दोन किमान वेतनांच्या खाली जाते का, हे नुसतं गणित करून बघा. बऱ्याचदा जाते.

'आंतरराज्य' या शब्दातली फट

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा जास्त असे मजूर असतील तिथे लागू होता. त्याची जागा आता नव्या सुरक्षितता संहितेतल्या प्रकरणाने घेतली आहे. चांगली सुधारणा अशी की ठेकेदाराने आणलेलाच नव्हे, तर आपणहून आलेला मजूरही आता 'आंतरराज्य स्थलांतरित' धरला जातो, महिना १८ हजारांपर्यंत वेतन असेल तर. गावी जाण्यायेण्याचं भाडं, रेशन दोन्हीकडे चालण्याची सोय, हेल्पलाइन असं त्यात आहे. पण आकडा पाचाचा दहा झाला. दहापेक्षा कमी परराज्यातले मजूर असलेली खाण या प्रकरणातून सुटली.

आता आपल्या किनाऱ्यावर ही चाळण लावा. नेपाळी? दुसऱ्या राज्यातला नाही, दुसऱ्या देशातला. बाहेर. रायगडातून पुण्याजवळच्या भट्टीवर गेलेला कातकरी? राज्य तेच. बाहेर. कोकणात सगळ्यात जास्त दिसणारे हे दोन्ही मजूर 'स्थलांतरित मजुरांच्या कायद्या'त बसत नाहीत. म्हणून मी कुणालाही त्या कायद्यापासून सुरुवात करायला सांगत नाही. वेतन, अपघात आणि वेठबिगारी, या तीन दारांवर राज्याची पाटी नाही. तिथून आत शिरावं.

वेठ हा शब्द आपलाच

'वेठबिगारी' म्हटलं की साखळदंड डोळ्यांसमोर येतात. कोकणाला तरी हे समजायला जड जाऊ नये. खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, शेतावर फुकट राबायचं त्याला इथे वेठच म्हणत. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने संप पुकारला, तो सहा वर्षं चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. साखळदंड तेव्हाही नव्हते. कर्ज होतं आणि खोताची वही होती.

आज दिवाळीच्या आधी मुकादम कातकरी वाडीत येतो. कुणाला २० हजार उचल, कुणाला ३०. आजारपण, लग्न, नुसतं पावसाळ्यातलं पोटही. मग सहा-सात महिने भट्टीवर. शेवटी हिशेब होतो आणि 'उचल फिटली नाही, बाकी निघते' असं सांगितलं जातं. ती बाकी घेऊन माणूस पुढच्या वर्षी त्याच भट्टीला बांधलेला.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याचं म्हणणं थोडक्यात असं. उचलीच्या बदल्यात माणूस राबतोय, आणि त्याला मजुरी नाही किंवा नाममात्र आहे, किंवा दुसरीकडे काम धरायची मोकळीक नाही, किंवा मनासारखं येता-जाता येत नाही, तर ती वेठबिगारी. ते कर्ज कायद्यानेच संपलं, फेडायची गरज नाही. इथेही पुराव्याचं पारडं उलटं आहे. कलम १५ सांगतं, मजुराने 'हे वेठीचं कर्ज' म्हटलं की ते तसं *नाही* हे सावकाराने सिद्ध करायचं.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, एक पाऊल पुढे टाकलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला माणूस भुकेपोटी तयार झाला असेल, तर तीही सक्तीची मजुरीच, कारण भूकही सक्ती करते. डिसेंबर १९८३ च्या, बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या खटल्यातल्या निकालात, फरिदाबादच्या दगडखाणींबद्दल, न्यायालयाने एक साधं पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं होतं. जुन्या ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून आदिवासी वेठबिगारांना सोडवायचं काम उभं केलं, तेव्हा हा कायदा सहा वर्षांचा होता आणि गावात त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

तक्रार कुठे? जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे. पोलिसांत जाता येतंच, पण वेठीतून मोकळं करायची जबाबदारी या कायद्याने महसूल खात्यावर टाकली आहे. मोकळं केल्यावर मुक्तता दाखला मिळाला पाहिजे, आणि तो घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही, कारण पुढची सगळी मदत त्यावर अवलंबून. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे, आणि पुनर्वसनासाठी प्रकाराप्रमाणे १, २ किंवा ३ लाख. मोठी रक्कम खटल्यात शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. ही अट कुणाच्या डोक्यातून आली कोण जाणे. खटला चालेपर्यंत माणूस दुसऱ्या भट्टीवर गेलेला असतो. मजूर अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल, आणि कातकरी असतातच, तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू शकतो.

झाडावरून पडला तर

आंब्याच्या हंगामात दोन प्रकारची माणसं सरकारी दवाखान्यात येतात: फांदीवरून पडलेली, आणि झेल्याची लांब काठी विजेच्या तारेला लागलेली. बोटीवर दोरात हात सापडतो, खाणीवर चिरा पायावर येतो. मालक बहुतेक वेळा दवाखान्याचं बिल भरतो, घरी जायचं तिकीट काढून देतो, आणि विषय संपला असं दोघांनाही वाटतं.

संपत नाही. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे आणि बागायतीचं काम त्याच्या यादीत आहे. यात मालकाची चूक होती का, हे बघतच नाहीत. काम करताना, कामामुळे इजा झाली की भरपाई. मृत्यू झाला तर गणित असं: महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. वेतन मोजताना २०२० पासून १५ हजारांची कमाल मर्यादा धरली जाते. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५ लाख ५९ हजार ८५०. बागेत हे सांगितलं की आधी कुणाचाच विश्वास बसत नाही. मग मालकाचा चेहरा उतरतो. म्हणूनच मी बागायतदारांना सांगते, विमा काढा. एका झाडावरची एक पडझड तुमचे चार हंगाम खाऊ शकते.

'दारू प्यायला होता' हा नेहमीचा बचाव. साध्या इजेत तो कदाचित चालेल. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर चालत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती वकिलांनाही कधीकधी माहीत नसते. अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही. मृताची बायको किंवा आईबाप राहतात तिथेही करता येतो. ओडिशातल्या विधवेने भरपाईसाठी रत्नागिरीच्या तारखांना यायची गरज नाही, तिच्या जिल्ह्यात अर्ज करावा. नेपाळच्या कुटुंबाला मात्र इथेच यावं लागतं. हे काम दोन वर्षांच्या आत करावं.

तीन तासांत काय होऊ शकतं

स्टँडवरच्या त्या जोडप्याची गाडी संध्याकाळची होती. माझ्याकडे तीन तास होते. अशा वेळी काय करायचं, हे ज्याला कायद्यातलं काही कळत नाही तोही करू शकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा, हा माणूस इथे कामाला होता याचा पुरावा. करारपत्र नसतंच. पण पोरगं जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा अंगणवाडीत होतं का? तिथे नाव आहे. आरोग्य केंद्रात ताप दाखवला होता का? केसपेपरवर बागेचा पत्ता आहे. फोनवर शेठने कधी दोन हजार टाकले होते? त्याचा स्क्रीनशॉट. बागेतले फोटो, फोनमध्ये त्यांची तारीख असते. बोटीवरच्या खलाशांची नावं बंदरावर द्यावी लागतात, तीही नोंदच. आणि सगळ्यात मजेशीर: बाहेरच्या मजुरांची माहिती पोलीस ठाण्यात द्या असं मालकांना सांगितलेलं असतं. संशयापोटी गोळा केलेला तो कागद, फोटो आणि मालकाच्या सहीसकट, मजुराच्या बाजूचा उत्तम पुरावा होतो.

मग वकीलपत्रावर सही. ती झाली की माणूस गेला तरी काम चालू राहतं. गावचा पत्ता आणि दोन फोन नंबर, त्यातला एक घरी राहणाऱ्या कुणाचा तरी. साक्ष द्यायची वेळ आली तरी प्रत्येक वेळी यावं लागत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष घेता येते असं ठरवून टाकलंय.

वकिलाचे पैसे? इथे मोफत विधी सहाय्याचा कायदा येतो, १९८७ चा. प्रत्येक तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं: रत्नागिरीला, सिंधुदुर्गात ओरोसला, रायगडात अलिबागला. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, कोठडीतला, औद्योगिक कामगार, वेठीचा किंवा मानवी व्यापाराचा बळी, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. या कायद्याच्या कलम १२ मध्येही 'व्यक्ती' असाच शब्द आहे, 'नागरिक' नाही. फोन १५१००. जोडप्यातल्या बाईच्या नावाने अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखला शोधत बसावं लागत नाही, ही माझी एक छोटी युक्ती.

मारहाण, कोंडून ठेवणं असं काही असेल तर तो वेगळा मामला. ११२ ला फोन करा. १ जुलै २०२४ पासून कुठल्याही पोलीस ठाण्याला, गुन्हा त्यांच्या हद्दीत नसला तरी, तो नोंदवून घ्यावा लागतो. गावी पोचल्यावरही तक्रार देता येते.

लोकअदालतीबद्दल एक सावधगिरी. ती झटपट असते, फी लागत नाही, आणि गाडी पकडायची घाई असलेल्या माणसाला ती बरी वाटते. पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. सही केली की संपलं. म्हणून आकडा त्याच्या भाषेत, त्याच्या तोंडून दोनदा म्हणवून घेतल्याशिवाय मी कुणाला सही करू देत नाही. 'समजलं ना?' या प्रश्नाला गरीब माणूस कायम 'हो' म्हणतो.

ती वही

त्या दिवशी स्टँडवरच मी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. बाई जेमतेम पाचवी शिकलेली, अक्षर मात्र गोल, स्वच्छ. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे वाचायला काही अडलं नाही. 'चामल' (तांदूळ), 'नुन' (मीठ), 'औषधी', पुढे रक्कम. शेठने कधी किती दिले, ते प्रत्येक वेळी. बेरीज ६१ हजार.

ते दोघं गेले, अर्ज दाखल झाला, आणि दिवाळीच्या सुमाराला ते दुसऱ्या बागेत कामाला आले तेव्हा तडजोडीची बैठक लागली. शेठ स्वतःची वही घेऊन आले होते. बाईची वही समोर ठेवल्यावर त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं आणि हसले. "साहेब, ही वही खोटी आहे. कार्तिक २०८० लिहिलंय. २०८० साल उजाडायला अजून छप्पन्न वर्षं आहेत!"

खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी सांगितलं की नेपाळात सरकारी कामकाजही विक्रम संवताने चालतं, तिथे नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला लागतं, आणि कार्तिक २०८० म्हणजे आपला ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३. बाईच्या वहीतल्या मंसिर महिन्यातल्या एका रकमेशेजारी 'फोनबाट' लिहिलं होतं, म्हणजे फोनवरून. शेठना त्यांचा फोन उघडायला सांगितलं. रक्कम तीच निघाली, दिवस तोच. पुसातली जुळली. माघातलीही जुळली. शेठच्या वहीतल्या जादा आकड्यांपुढे मात्र ना सही होती, ना फोनवरची नोंद.

फरक ५१ हजारांचा होता. घासाघीस होऊन ४४ वर ठरलं. आणखी ताणावं असं मला वाटत होतं, पण पैसे त्यांचे होते, आणि त्यांना ते त्या दिवशी हवे होते. शेठने नोटा मोजून नवऱ्यापुढे केल्या. त्याने त्या बायकोकडे दिल्या. तिने पुन्हा मोजल्या, वहीत तारीख घातली, कार्तिक २०८१, पुढे आकडा लिहिला, आणि वही उलटी करून शेठपुढे सरकवली.

"शेठ, इथे सही."